शाळेत शिकवायला जुनी चित्रं आणि फोटो ऑनलाइन कुठे मिळतील? कॉपीराइटची भानगड नको आहे.

मिळायला ढीगभर मिळतात हो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख फोटो खुले केले, अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन संग्रहालयांनी २०२० मध्ये २८ लाख, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचं तर चित्रातल्या भेगा दिसेपर्यंत मोठं करता येतं. आपल्याकडे सरकारचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' पोर्टल आहे, त्याचं सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकनं केलंय. झालं, यादी संपली. पण मला विचाराल तर तुमचा प्रश्नच अर्धा आहे. 'कुठे मिळतील' सगळे विचारतात, मिळाल्यावर त्या फोटोखाली काय लिहिलंय ते वाचणार का, हे कुणी विचारत नाही. आणि याच्यावरून माझं एका सरांशी तीन वर्षं वाजलेलं आहे म्हणून लिहितेय.

मी बीड जिल्ह्यात शिकवते. दिवाळी झाली की आमचा अर्धा वर्ग रिकामा होतो, आईबाप ऊसतोडीला जातात, काही पोरं बरोबर जातात, उरलेली हंगामी वसतिगृहात. तर आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एका सरांनी एक फोटो टाकला, गालाला हात लावलेली बाई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली दोन पोरं, मांडीत तान्हं. खाली लिहिलेलं, '१९७२ च्या दुष्काळातली आपली माय'. पन्नास जणांचे हात जोडलेले. मी लिहिलं, सर ही कॅलिफोर्नियातली बाई आहे, १९३६ चा फोटो आहे, डोरोथिया लँगनं काढलेला. सरांचं उत्तर, 'मॅडम, आई ती आई, देश कुठला का असेना.' त्यालाही पन्नास हात.

मग मी हट्टानं तो फोटो वर्गात नेला. प्रसारमाध्यमांचा धडा दहावीला आहे पण मी आठवीला नेला, कारण वसतिगृहातली पोरं आठवीत होती. लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय, त्याच्या साइटवर तिथल्या त्या काळातल्या सरकारी खात्यासाठी काढलेल्या अशा पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आहेत, काळ्या-पांढऱ्या, आणि बहुतेक डाउनलोडला खुल्या. मी सगळ्यात मोठी फाइल उतरवली, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ती उघडेचना, तो म्हणे मॅडम जेपीजी आणा, म्हणजे परत चाळीस रुपये एसटीला. असो. तर तिथं एक गंमत आहे जी गूगलवर कधीच कळणार नाही. फोटोच्या पानावर शेजारच्या नंबरचे फोटो बघायची लिंक असते. ती दाबली की त्याच दिवसाचे दुसरे फोटो निघतात, लांबून काढलेला तंबू, बाजूला मोठी मुलगी, मग हळूहळू जवळ येत गेलेली फोटोवाली. आणि मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात बाईचा अंगठा दिसतो, तो नंतर लँगनं पुसून घेतला. दोन्ही प्रिंट शेजारी लावल्या तर पोरांनी अंगठा दोन मिनिटांत शोधला. त्यांना हे असलं फार आवडतं. नापसंत निगेटिव्हला त्या खात्याचा साहेब पंचनं भोक पाडायचा, तसले भोकवाले फोटोही तिथं आहेत, ते तर पोरांनी डोक्यावर घेतले.

मी सांगितलं, बाई वाटाणे तोडायच्या कामावर आलेली, पीक थंडीनं गेलेलं, काम नाही. एक पोरगा म्हणाला, 'मंग मुकादमाची उचल कशी फेडली आसंल हिनं?' उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. मला उत्तर देता आलं नाही. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नाही, ती म्हणाली, 'मॅडम, हिचं नाव काय?' तर तेच. लँगनं नाव विचारलंच नव्हतं. फोटो जगभर गेला, नाव कळलं १९७८ मध्ये, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तेव्हा ती पंचाहत्तरीच्या घरात, आणि तिचं म्हणणं की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही.

पुढच्याच महिन्यात वसतिगृहात ब्लँकेट वाटप झालं. तेच सर पुढे. पेपरात फोटो आला, डावीकडून सगळ्या देणाऱ्यांची नावं, हुद्द्यासकट, आणि पुढे बसवलेल्या अकरा पोरांचं एका शब्दात, 'विद्यार्थी'. त्याच मुलीनं कात्रण माझ्यासमोर धरलं, बोलली काहीच नाही. मी सरांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, पोरांच्या आईबापांना विचारलं होतं का? ते म्हणाले तुम्हाला प्रत्येक गोष्टीत अमेरिका दिसते. मला नाही दिसत अमेरिका. मला ऊसतोडवाल्यांची कोपी, म्हणजे झोपडी दिसते, जिच्यापुढे कुणीही कॅमेरा घेऊन उभं राहतं.

तर तुमच्यासाठी, फोटो उतरवताना काढणारा, साल, ठिकाण, संग्रह आणि नंबर त्याच फाइलच्या नावात टाका, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाही १९७२ चा दुष्काळ होतो. आपल्याकडचं शोधताना इंग्रजांच्या काळचं स्पेलिंग टाका, पुण्याला पी डबल ओ एन ए, खडकीला के आय आर के डबल ई, नाहीतर काही सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल साइट बेकार आहे.

कॉपीराइटचं राहिलंच. वर्गात शिकवताना वापरायला आपल्या कायद्यात कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तोच धडा यूट्यूबवर टाकला की ती सूट धरून चालू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसवरचं सगळंच खुलं नसतं, प्रत्येक पानावर हक्कांची ओळ असते ती वाचा. गूगल आर्ट्सवर झूम भारी आहे पण डाउनलोड बहुतेक वेळा नाही. लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलच्या पोरांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला आहेत, त्या तरी बघाच, वापरायच्या अटी मात्र आधी वाचा.

सर अजून ग्रुपवर आहेत. गेल्या मातृदिनाला परत तोच फोटो आला, या वेळी रंगवलेला, बाईला हिरवं लुगडं.