पावसाळ्यात कॉइन सेलची क्षमता लवकर घटते. व्हीसी वाढवावं का?

ग्राफाइट-एलएफपीचे (एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) कॉइन सेल, म्हणजे नाण्याच्या आकाराचे चाचणी सेल, उन्हाळ्यात नीट चालले, नाशिकचा पाऊस सुरू झाल्यावर क्षमता भराभर उतरू लागली, म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये (सेलमधल्या द्रवात) मिसळायचं पूरक रसायन व्हीसी (व्हिनिलीन कार्बोनेट) 2 टक्क्यांवरून 5 टक्के करावं का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

इलेक्ट्रोलाइटमधलं क्षार, लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, पाण्याशी भिडलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते एलएफपीतलं लोह विरघळवतं. ते लोह ग्राफाइटवर जाऊन बसतं, तिथला संरक्षक थर बिघडतो आणि तो पुन्हा पुन्हा सांधण्यात लिथियम खर्ची पडतं. व्हीसी पाणी शोषून घेत नाही. त्याचं काम पहिल्या चार्जिंगमधलं: इथिलीन कार्बोनेट या द्रावकाच्या आधी स्वतः क्षपण पावून (इलेक्ट्रॉन घेऊन) ग्राफाइटवर पातळ, चिवट थर बसवणं. जास्त घातलंत तर थराचा रोध वाढतो आणि वेगाने चार्ज करताना लिथियम धातू साचायची भीती असते.

इलेक्ट्रोड 110-120 अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेरच्या हवेत न रेंगाळता थेट ग्लव्ह बॉक्समध्ये (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) न्या. बहुतेक वेळा घोळ इथेच होतो, कारण आपल्याकडच्या दमट हवेत सुकवलेला इलेक्ट्रोड काही मिनिटांत ओल धरतो. सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा) मात्र 60 अंशांवरच सुकवा. जास्त तापला तर आक्रसतो. इलेक्ट्रोलाइटची कार्ल फिशर चाचणी (पाण्याचं प्रमाण मोजणारी) करून पाणी 20 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 20 भाग) खाली आहे ना ते पाहा. साठवायला ॲल्युमिनियमची बाटली घ्या. काच नको, हायड्रोजन फ्लोराइड काचेलाही खातं.

व्हीसी वजनानेच मोजा: 9.8 ग्रॅम इलेक्ट्रोलाइटला 0.2 ग्रॅम. ते साधारण 20 अंशांना गोठतं, त्यामुळे फ्रिजमधून काढल्यावर किंवा डिसेंबरच्या थंडीत बाटलीत खडा दिसला तर घाबरू नका. झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पूर्ण वितळल्यावरच काढा. पिवळं-तपकिरी झालेलं मात्र टाकून द्या. एफईसी (फ्लुरोइथिलीन कार्बोनेट) हे दुसरं पूरक रसायन सिलिकॉन मिसळलेल्या ॲनोडसाठी राखा, नुसत्या ग्राफाइटला त्याची गरज नाही.

सेल बंद केल्यावर 10-12 तास भिजू द्या, मग सी/20 दराने (20 तासांत पूर्ण चार्ज होईल इतक्या सावकाश) पहिलं चार्जिंग करा. तुलनेसाठी 3 सेल व्हीसीविना, 3 सेल 2 टक्क्यांचे बनवा, एकाच दिवशी, एकाच इलेक्ट्रोडमधून. दोन्ही गट सारख्याच वेगाने उतरले, तर ओव्हन आणि ग्लव्ह बॉक्सचा अँटीचेंबर (वस्तू आत नेण्याचा कप्पा) तपासा.