चालू लाइनवर काम करायचे असेल तर दोष लपवणारा इन्सुलेटर नको

२२० केव्ही (किलोव्होल्ट) लाइनची देखभाल पुरवठा चालू ठेवूनच करायची असल्यास पोर्सिलीन, काच आणि पॉलिमर यांपैकी कोणते इन्सुलेटर (तारेतील वीज टॉवरमध्ये उतरू न देणारे आधार) घ्यावेत, असे आपण विचारले आहे. हॉटलाइन गँगमध्ये, म्हणजे चालू लाइनवर काम करणाऱ्या तुकडीत, नोकरी काढलेल्या माणसाचे उत्तर टफन्ड (उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली) काच हेच आहे.

आमच्याकडे एकदा पोर्सिलीनच्या टेन्शन स्ट्रिंगमधील (तारेचा ताण पेलणाऱ्या, एकमेकींत अडकवलेल्या डिस्कच्या आडव्या माळेतील) एक डिस्क बदलण्याचे काम आले. तिची कड उडालेली खालून दिसत होती आणि बाकीच्या डिस्क अखंड दिसत होत्या, त्यामुळे तपासणीत वेळ न घालवता काम उरकावे, असा खरेदी विभागातील साहेबांचा आग्रह होता. उपकेंद्राने ऑटो-रिक्लोज (ट्रिप झालेली लाइन आपोआप पुन्हा चालू करणारी यंत्रणा) बंद केले होते, कामाचे परमिट हाती आले होते, तरीही मी कोणाला स्ट्रिंगवर जाऊ दिले नाही. टॉवरवरूनच हॉटस्टिकला (वीज न वाहणाऱ्या लांब काठीला) टेस्टर लावून प्रत्येक डिस्कवरचा व्होल्टेज मोजायला लावला. कंडक्टरलगतच्या (वीजवाहक तारेलगतच्या) डिस्कवर तो सर्वांत जास्त यायला हवा, पण नेमका तिथेच काटा हलला नाही आणि तिच्या शेजारची डिस्कही तशीच निघाली. डिस्कच्या धातूच्या कॅपच्या आत पंक्चर झालेले पोर्सिलीन बाहेरून निर्दोष दिसते. कंडक्टिव्ह (वीज वाहणारा) सूट घालून स्ट्रिंगवर सरकणारा माणूस काही डिस्क स्वतःच शॉर्ट करत असतो, म्हणून उरलेल्यांपैकी चांगल्या किती, यावर त्याचा जीव अवलंबून असतो. आम्ही आउटेज घेऊन, म्हणजे लाइन बंद करून, स्ट्रिंग उतरवली, मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) त्या दोन्ही डिस्क शून्य दाखवल्या, आणि तरीही बैठकीत ‘टाळता आले असते असे आउटेज’ हाच शेरा पडला.

काचेची डिस्क बिघडली की तिची छत्री पूर्ण विखरून पडते, त्यामुळे गस्तीवरच्या लाइनमनला ती खालूनच ओळखता येते आणि धातूच्या कॅप आणि पिनमध्ये उरलेला भाग कंडक्टर धरून ठेवतो. पॉलिमर हलका असतो, त्याच्या सिलिकॉन रबरवर पाण्याचा सलग थर बसत नाही, म्हणून कोकणातील खाऱ्या वाऱ्यात आणि उत्तरेतील हिवाळी धुक्यात तो उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. परंतु सील गेल्यावर आतील फायबरग्लासचा दांडा ओल आणि आम्लाने खाल्ला जाऊन अचानक तुटू शकतो, आणि डिस्कप्रमाणे त्याचा एकेक भाग तपासण्याची सोय नसते. नगाची किंमत मांडणाऱ्या टिपणीत तपासणीचा खर्चही मांडा, असे मी त्या साहेबांना शेवटपर्यंत सांगत राहिलो. आपणही तो मांडावा.

जिथे मुले दगड मारतात, अशा वस्तीलगत मात्र काच टिकत नाही. प्रदूषण जास्त असल्यास २२० केव्ही लाइनच्या २४५ केव्ही या कमाल व्होल्टेजला प्रति केव्ही २५ मिमी या हिशेबाने ६१२५ मिमी क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) लागते. ते साध्या डिस्कनी भरत नसेल तर फॉग प्रकारच्या (तेवढ्याच उंचीत जास्त क्रीपेज देणाऱ्या) डिस्क घ्याव्यात, कारण डिस्कची संख्या वाढवून सस्पेन्शन (टॉवरवरून खाली लोंबणारी) स्ट्रिंग लांबवल्यास वाऱ्यात झुलणारा कंडक्टर टॉवरच्या अधिक जवळ येतो.