एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय. घोडबंदरला घरी पोचायला साडेनऊ, जेवायला दहा वाजतात. भात पूर्ण बंद करू का?

नाही, भात पूर्ण बंद करू नका. तो निम्मा करा आणि आधी रात्रीच्या जेवणाची वेळ बदला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला होता. रात्री उशिरा तेच जेवण घेतलं तर साखर जास्त चढते, म्हणून तुमच्या बाबतीत मला भातापेक्षा दहाची वेळ जास्त खटकते. दोन पोळ्या आणि मटकीची उसळ डब्यात न्या, सात-साडेसातला ऑफिसमध्येच खाऊन घ्या. मग स्टेशनबाहेरचा वडापाव आपोआप सुटतो आणि घरी वाटीभर आमटी, काकडीची कोशिंबीर पुरते. भात दुपारी खा: एक मूद, सोबत भरपूर वरण-भाजी. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, सोसायटीच्या आवारात का होईना. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, हा सगळ्यात स्वस्त उपाय लोक उगाच टाळतात.

मात्र हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात थॅलेसेमिया असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून डॉक्टरांना दाखवा.