‘लसीला मीच नेलं होतं’

करोनाचा नवा व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, आल्याची बातमी झळकली की आमच्याकडे येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. सुरुवात होते ‘लस घ्यावी का?’ पासून आणि दोन-चार वाक्यांत गाडी येते ‘घेतली आणि काही झालं तर?’ वर. करोनाच्या काळात फोनवरून समुपदेशन करताना माझ्या लक्षात येत गेलं, की माहिती दिली की यातला निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा आजाराचा नसतोच. काही बरंवाईट झालं तर घरात बोट कोणाकडे जाईल, याची ती धास्ती असते. संगमेश्वर तालुक्यातल्या एका घराचा अनुभव त्यासाठीच लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुलै २०२१. दुसरी लाट ओसरत होती, पण कोकणात भीती उलट वाढली होती. जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ९ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले. पाठोपाठ संगमेश्वर तालुक्यातल्या ८० वर्षांच्या एका आजींचा मृत्यू, डेल्टा प्लसचा राज्यातला पहिला बळी म्हणून टीव्हीवर दिवसभर फिरला. त्याच सुमारास लस घेतल्यावर अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात असा नाशिकचा व्हिडिओ मोबाइलवर आला. लसीत धातू नाही, चुंबकत्व येऊच शकत नाही, हा सरकारी खुलासा व्हिडिओइतका लांब पोचला नाही.

फोन केला होता घरातल्या धाकट्या मुलाने. तिशीतला, स्वतःचा टेम्पो चालवणारा. बायकोला पाचवा महिना. गरोदर स्त्रियांना लस घेता येईल असं केंद्र सरकारने २ जुलैला जाहीर केलं होतं आणि आशाताई ‘नाव लिहू का?’ म्हणून दारात येऊन गेल्या होत्या.

“मॅडम, ही लस डेल्टा प्लसला चालते का?”

मी सांगितलं. डेल्टा प्लस म्हणजे वेगळा विषाणू नाही, डेल्टाच्याच स्पाइक प्रथिनात आणखी एक बदल झालेला. एका डोसचं डेल्टापुढे संरक्षण तोकडं, दोन डोसनंतर बरंच चांगलं, विशेषतः आजार जिवावर बेतू नये यासाठी. गरोदरपणात करोना झाला तर तो गंभीर होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा जास्त, म्हणून ही परवानगी. तो “हां, हां” म्हणत होता आणि पुन्हा तेच विचारत होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी माहिती देणं थांबवलं.

“लस घेतल्यावर तुमच्या घरात कुणाला काही झालंय का?”

“दादा गेला. लसीला मीच नेलं होतं.”

दादा सत्तेचाळीस वर्षांचा, नालासोपाऱ्याला राहणारा. शिमग्याला गावी आला आणि मुंबईत पुन्हा निर्बंध लागणार म्हटल्यावर थांबला. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झाली. धाकट्याने मोबाइलवर नाव नोंदवलं, मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं. पाचव्या दिवशी ताप, मग दम, मग जिल्ह्याला हलवणं. मेच्या पहिल्या आठवड्यात दादा वारला. आईने त्यानंतर एकच वाक्य धरून ठेवलं होतं, “पोरगा चालत गेला होता सुई टोचायला.” ती धाकट्याला थेट काही बोलली नव्हती. तिला बोलायची गरजच नव्हती.

अशा वेळी “लसीचा काही संबंध नाही हो” असं घाईने सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऐकणाऱ्याला ते आपलं दुःख झटकून टाकल्यासारखं वाटतं. लसीचे दुष्परिणाम नसतातच, असंही मी कधी म्हणत नाही. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे मोजके प्रकार आपल्याकडेही नोंदले गेले. मे २०२१ मधल्या सरकारी समितीच्या अहवालात हे प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ होतं. आकडा लहान आहे, पण खरा आहे. तो लपवला की लोक बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

मी त्याला म्हटलं, भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन या, एप्रिलचं पान काढा. आपल्याकडे कॅलेंडर ही घरची रोजनिशीच असते. गॅस कधी लावला, दूधवाल्याने खाडा कधी केला, सगळं त्यावर. पाडव्याच्या आदल्या दिवसाच्या चौकोनात त्याच्या बायकोने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘भावोजी लस’. आम्ही पुढेमागे सरकत गेलो. तेवढ्यात मागून तिचाच आवाज आला, “पाडव्याच्या आधीपासून आईंना आमटी अळणी लागत होती. वाढून घेतल्यावर परत मीठ घालायच्या. सर्दीपण होती.”

मी त्यातून काय कळतं तेवढंच सांगितलं. चव जाणं हे करोनाचं लक्षण असू शकतं. कोविशील्डमध्ये करोनाचा जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीने करोना होऊ शकत नाही. दादाची चाचणी पॉझिटिव्ह होती, म्हणजे विषाणू कुठून तरी आलाच होता. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याला तेवढे दिवस मिळाले नाहीत.

“म्हणजे आईमुळे...?” त्याने विचारलं.

मला याचीच भीती होती. लसीवरून उचललेला दोष आता आईच्या पदरात जाणार होता. मी त्याला विचारलं, “आईला माहीत होतं?” नव्हतं. “तुम्हाला?” नाही. “तेव्हा वाडीत कोणी कोणी आजारी होतं?” त्याने सात-आठ घरं मोजली, आणि टेम्पोने रोज चिपळूणला जाणारा तो स्वतःही होताच. दादा कशाने गेला ते सांगता येत होतं, कोणी आणलं ते नाही. त्या घरात ज्याला जे ठाऊक होतं त्याने ते दादाच्या भल्यासाठीच केलं होतं. हे त्याच्याकडून मी दोनदा म्हणवून घेतलं. तो रडला. फोनवर मोठा माणूस रडतो तेव्हा आपण काही बोलू नये, लाइन धरून बसावं.

पुढच्या वेळी आई स्पीकरवर होत्या, शेजारी आशाताई. मिठाचा विषय मी काढला नाही. दादाबद्दल विचारलं. त्या खूप बोलल्या, त्याची नोकरी, त्याचं आरतीतलं खड्या आवाजातलं गाणं. मग म्हणाल्या, “मी आता लस घेतली तर तो उगाच गेला असं होईल ना.” लस नाकारून आई गेलेल्या पोराची बाजू धरून बसल्या होत्या. डेल्टा, डेल्टा प्लस, दोन डोसमधलं चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर, यातलं काहीही तिथपर्यंत पोचणार नव्हतं. मी म्हटलं, “तुम्ही घेतली नाही तरी त्याची आठवण तेवढीच राहणार आहे, घेतली तरी तेवढीच.” त्या हो म्हणाल्या नाहीत. मीही लावून धरलं नाही.

सगळ्या बोलण्यात ज्या बाईच्या दंडाचा प्रश्न होता तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर तिने लगेच सांगितलं, “मला घ्यायची आहे. पण उद्या काही झालं तर ह्यांना बोल नको.” मग आशाताईंसमोरच तिघांचं ठरलं, की डॉक्टरांना भेटून ती स्वतः ठरवेल आणि जे होईल त्यावरून कोणी कोणाला बोल लावणार नाही. २२ जुलैला वाशिष्ठीचा पूर आला, चिपळूण पाण्याखाली गेलं, सगळंच लांबलं. ऑगस्टमध्ये तिने पहिला डोस घेतला. एक दिवस अंग दुखलं. सासूबाईंनी नोव्हेंबरमध्ये, घरोघरी लस देणारी मोहीम वाडीत आली तेव्हा घेतली, नातवंडाला मांडीवर घ्यायचं होतं म्हणून.

डिसेंबर २०२३ मध्ये करोनाच्या जेएन.१ या व्हेरियंटचा राज्यातला पहिला रुग्ण शेजारच्या सिंधुदुर्गात सापडला, तेव्हा अशा घरांतून पुन्हा फोन आले. व्हेरियंटचं नाव बदललं की प्रश्न नव्याने येतो. तुमच्या घरात तो अडून बसला असेल तर लसीवर वाद घालण्याआधी एकमेकांना विचारा, की मागच्या वेळी काय झालं होतं आणि तेव्हापासून कोण गप्प आहे. वैद्यकीय शंका डॉक्टरांना विचारा. लसीनंतर काही त्रास झाला तर तो केंद्रावर सांगा, त्याची नोंद व्हायला हवी. आणि मनावरचं ओझं कोणाशी बोलता येत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.