सतरा वर्षांची पोर तपासणीला आलीय, काय बोलू? – नवीन सिस्टरला उत्तर

अगं, सगळ्यात आधी त्या सासूला बाहेर बसव. तू लिहिलंयस की पोर १७ ची, पाचवा महिना, कार्डावर १९ लिहा म्हणतायत आणि तुमच्यातलीच एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "हिलाच घाई". मी मालवण तालुक्यात ३१ वर्षं सिस्टर होते आणि खरं सांगू, ती बोलणारी बाई एकेकाळी मीच होते. एका पोरीला वजनकाट्यावर उभी असतानाच म्हटलं, "तेव्हा अक्कल कुठे गेलेली?" ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, एक शब्द नाही, आणि परत आलीच नाही. आली ती आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, बीपी १६० च्या वर, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवेपर्यंत माझेच हात थरथरत होते. वाचली दोघंही, पण मधल्या तपासण्या माझ्या तोंडामुळे बुडाल्या. या वयात एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) कमी, बीपी वाढणं, बाळाचं वजन कमी हे जास्त, म्हणून तिचं परत येणं महत्त्वाचं, बाकी तुझं मत घरी ठेव.

वय खोटं लिहू नकोस. लग्न झालेलं असलं तरी १८ च्या आत पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. डॉक्टरांना आजच सांग, आणि त्या पोरीलाही आधीच सांग, पोलीस अचानक दारात आले की ती तुलाच चुगलखोर समजेल. (गर्भपाताची केस असेल तर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर तिचं नाव न देता कळवता येतं, हे कित्येक डॉक्टरांनाही माहीत नसतं.)

सासू बाहेर जायला तयार होणार नाही, "तिका काय इचारतस, माका इचार" म्हणेल. लघवी तपासायचीय सांगून पोरीलाच आत ने, मी तेच करायचे.

आणि तो नवरा. ट्रॉलरवर खलाशी असेल तर जून-जुलैत बोटी बंद, घरी असतो, तेव्हा बोलाव. आमच्याकडचा एक असाच १९-२० चा, दारातच चपला घालून उभा, आत ये म्हटलं तर "मी कशाक?" बाळाचे ठोके ऐकवले मशीनवर, तर खाली बसला आणि म्हणाला, परत लावा.