"चल ना, मी सोडतो" म्हणणाऱ्याच्या गाडीत बसायचं का?

वडगाव शेरीवाल्या मुली,

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू 23 वर्षांची, मूळची पंढरपूरची, पुण्यात खराडीत जॉब, वडगाव शेरीत पीजी. टीममधले सहा-सात जण दर शुक्रवारी कोरेगाव पार्कला नाहीतर बाणेरला बसतात, तूही जातेस, गाणी, नाच, तो सगळा गोंधळ तुला मनापासून आवडतो पण दारू फार झेपत नाही, आणि नको म्हटलं की "काय गं काकूबाई" सुरू होतं. कॉन्ट्री मात्र सगळ्यांना सारखी. मागच्या शुक्रवारी रूममेटला जास्त झाली, तू अर्धा तास वॉशरूमच्या ओल्या फरशीवर तिचे केस धरून बसलीस, बाहेर बाकीचे नाचत होते, आणि मग कॅब मिळेना म्हणून तीन बियर प्यायलेल्या सीनियरने तुम्हा दोघींना कारने सोडलं. पीजीच्या गेटवर बोलणी खाल्लीस ती वेगळीच. आईला यातलं काही माहीत नाही. आणि आता विचारतेस, ताई, जाणंच बंद करू का?

अजिबात नको करूस. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसून शुक्रवारी मोठ्या आवाजात गाणी ऐकावीशी वाटणं यात गैर काही नाही, आणि पंढरपूरची आहेस म्हणून तुला ते शोभत नाही असं जे कुणी म्हणतं त्यांचं तू मनावर घेऊ नकोस. मला तुझ्या पत्रात खुपलं ते वेगळंच. किती प्यायचं ते ग्रुप ठरवतो, किती पैसे भरायचे ते ग्रुप ठरवतो, घरी कधी आणि कुणाबरोबर जायचं तेही ग्रुपच ठरवतो. संध्याकाळ तुझी, पैसे तुझे, आणि तुझं त्यात काही चालतच नाही.

आधी त्या कारचं बोलू, कारण मला खरी काळजी तिची वाटली. "तीनच बियर घेतल्यात, माझा कंट्रोल आहे" असं तो म्हणाला, हो ना? साध्या बियरचे तीन पाइंट (330 मिलीच्या छोट्या बाटल्या) म्हणजे चाळीसएक ग्रॅम अल्कोहोल होतं, आणि शरीर ते तासाला साधारण दहा ग्रॅमच्या आसपास काढतं. कॉफी प्या, लिंबू चोखा, तोंडावर पाणी मारा, तो वेग बदलत नाही. कायद्याची लिमिट आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, आणि दोन तासांत तीन पाइंट घेतलेला सत्तर किलोचा माणूस बहुतेक त्याच्या वरच असतो, बोलायला कितीही सरळ वाटला तरी. स्ट्राँग असेल तर विचारूच नको. पकडला गेला तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल, नाहीतर दोन्ही. पण दंडाचं सोड गं. तुम्ही ज्या रस्त्याने आलात ना, कोरेगाव पार्कवरून कल्याणीनगर करत, तिथेच 19 मे 2024 ला मध्यरात्रीनंतर त्या पोर्शेने दोन इंजिनिअर पोरांना उडवलं. दोघंही 24 वर्षांची, मित्रांना भेटून बाइकवरून घरी चालली होती. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच बाहेरून पुण्यात नोकरीला आलेली. ते आठवलं की मला अजून राग येतो, आणि म्हणून तुला अगदी स्पष्ट सांगते, प्यायलेल्याच्या गाडीत बसायचं नाही, तो कितीही चांगला असला, कितीही सीनियर असला तरी.

आता हे प्रत्यक्षात जमवायचं कसं. बार बंद व्हायच्या वेळेला सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा कॅबवाले कॅन्सल करतात, भाडं दुप्पट होतं आणि मग माणूस मिळेल त्या गाडीत बसतो. तू सातला जा, हॅपी अवर्स असतात, पैसेही वाचतात, आणि साडेदहालाच निघ, गेट बंद व्हायच्या आत पोचशील. "मला साडेदहाला निघायचंय" हे आल्या आल्या सांगून टाकायचं, निघताना सांगितलंस तर "अजून एक गाणं, अजून एक गाणं" करत बारा वाजवतात. आणि त्या सीनियरलाही एकदा म्हणून बघ, अरे कार इथेच राहू दे, सकाळी येऊन घेऊन जा, आत्ता आमच्याबरोबर कॅबने चल. चिडला तर चिडू दे.

रूममेटसाठी तू थांबलीस, फार बरं केलंस. पुढे कधी अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेव, जास्त झालेल्या माणसाला पाठीवर उताणं झोपवायचं नाही, कुशीवर वळवायचं, नाहीतर उलटी घशात अडकून जीव जाऊ शकतो. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर "झोपेल आणि होईल ठीक" म्हणत बसू नका, सरळ 108 ला फोन. आणि ती काय प्यायली होती ते बघितलंस का? लाँग आयलंड आइस्ड टी लिहिलंयस तू. नावात टी आहे पण त्यात व्होडका, जिन, रम, टकीला सगळं एकत्र असतं वर कोला, गोड लागतं म्हणून पोरी दोन-दोन संपवतात आणि उभं राहिल्यावर कळतं.

तुला नको असेल तेव्हा कारण देत बसू नकोस. सरळ वेटरला बोलावून आधी आपली ऑर्डर द्यायची, फ्रेश लाइम सोडा, हातात ग्लास असला की निम्मे लोक विचारतच नाहीत. फारच मागे लागले तर सांग की महाराष्ट्रात व्होडका-रमसाठी 25 पूर्ण लागतात, बियर-वाइनसाठी 21, आणि मी 23 ची आहे. कायदा खरंच तसा आहे, भले टेबलावर कुणी पाळत नसेल. तरीही जो चिडवत राहतो त्याच्या शेजारी बसू नकोस, ग्रुपमध्ये न पिणारा अजून एखादा असतोच, फक्त तोही तुझ्यासारखाच गप्प असतो.

पैशांचं. 28 हजार पगारात तू महिन्याला आठ हजार इथे घालवतेस हे वाचून मला कसंसंच झालं. दोन सोडे आणि पनीर टिक्क्याचे दोन हजार का द्यायचे? ऑर्डर द्यायच्या आधी ग्रुपवर टाक की यापुढे दारूचं बिल पिणाऱ्यांत आणि चखणा-जेवण सगळ्यांत, मला एवढंच झेपतं. एकदा अवघड वाटेल. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो काढायलाही सांगता येतो, तो ऐच्छिक आहे, 2022 च्या सरकारी गाइडलाइन्समध्येच तसं आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या. वेटरला टिप मात्र हातात दे, ती पोरं रात्री दोनपर्यंत राबतात.

राहिली आई. तिला प्रत्येक शुक्रवारचा हिशोब द्यायची गरज नाही, पण "झोपले होते" म्हणून फोन न उचलणं बंद कर. ऑफिसच्या लोकांबरोबर बाहेर जाते, साडेअकरापर्यंत रूमवर येते, आल्यावर मेसेज टाकते, एवढं सांगून टाक. पहिले दोन-तीन शुक्रवार ती जागी राहील, फोन करेल, ओरडेल, करू दे. पिते का असं विचारलं तर खरं सांग, कधीतरी एखादी बियर. तुझ्या पत्रावरून तरी मला वाटतं की तिला ते ऐकून घेता येईल, कारण तूच लिहिलंयस की पुण्याला पाठवायला घरात एकटी तीच तयार होती.

तुझी,
ताई