वॉर्डात आदर्श कुणाला मानायचं?

तुझं म्हणणं असं, की युनिटचे सर पेशंटवर खेकसतात, आदर्श मानावा असा कुणी दिसत नाही, आणि ऐटकॉमचं (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयाचं) रिफ्लेक्शन, म्हणजे अनुभवावर लिहायचं चिंतन, तर अख्खी बॅच एकमेकांचं बघून उतरवते. मग ते लिहायचंच कशाला?

आधी आदर्शाचं. अख्खा माणूस शोधत बसू नकोस. तेच सर पोट तपासतात तेव्हा बघ. दुखरी जागा सगळ्यात शेवटी, आणि नजर पेशंटच्या चेहऱ्यावर. तेवढं उचल. खेकसणं मात्र कुणी न शिकवताही अंगी लागतं. वैद्यकीय शिक्षणाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ हॅफर्टी यांनी १९९४ मध्ये याच छुप्या अभ्यासक्रमावर बोट ठेवलं होतं. म्हणून डोळे उघडे ठेवून निवडावं लागतं.

आणि फक्त डॉक्टरांकडेच बघू नकोस. आमच्याकडे एकदा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन घरी निघाली. रेसिडेंटनं फाइलवर 'डामा' (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी गेली) लिहिलं, अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅडही काढलं. वॉर्डातल्या मावशींनी तिला तिच्या पावरी बोलीत विचारलं, घरी कोण आहे? धाकटं पोर शेजारणीकडे टाकून आली होती, आणि शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती. मावशींनी गावातल्या आशाताईला फोन लावून दिला, पोराची सोय झाली. बाई थांबली.

यावर 'संवाद महत्त्वाचा असतो' असं लिहिलंस तर सही मिळेल, पदरात काही पडणार नाही. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला. त्यातल्या लॉगबुकात तीनच गोष्टी विचारल्यात: काय घडलं, त्याचं काय, पुढे काय. प्रश्न चांगले आहेत, उत्तरं आपण पाट्या टाकल्यासारखी देतो. इथे लिहायचं ते असं: खाटेभोवती आम्ही चौघं-पाच जण उभे होतो, 'का जातेस?' हे एकानंही विचारलं नाही. पुढच्या वेळी कागद पुढे करण्याआधी तेच विचारायचं, आणि भाषा येत नसेल तर येणाऱ्याला बोलवायचं.

त्याच दिवशी लिही, चार ओळीच लिही, पेशंटचं नाव टाकू नकोस. सरांचं खेकसणं शिवीगाळीवर गेलं तर मात्र डायरीत ठेवू नकोस, मेंटॉरशी बोल. आणि 'कोठे दुखस, माय?' एवढी अहिराणी तरी पोस्टिंग संपायच्या आत शिकून घे. ओपीडीत म्हातारी निम्मी हिस्टरी त्यावरच देते.